कवटीला विचारलेला प्रश्न

पांढुर्ण्याच्या एका शाळेत इतिहास शिकवणारी तेजस्विनी त्या शनिवारी दुपारी कवटी आणायला रामाकोन्याला गेली. काम नाटकाचं होतं. शिक्षकांनी स्नेहसंमेलनासाठी सूडाचं नाटक बसवलं होतं. त्यात खून झालेल्या राजपुत्राची बहीण त्याची कवटी हातात धरून खुन्याचं नाव विचारते आणि पडद्यामागून उत्तर येतं. बहीण तेजस्विनी होती. खुनी काका झाले होते यशवंतराव, जीवशास्त्राचे निवृत्त मास्तर. नाटकासाठी केलेली कागदाच्या लगद्याची कवटी त्यांना पटली नव्हती. "टरबुजावानी दिसून राहिली ते. माह्या घरी खरी हाये, जुन्या प्रयोगशाळेतली. घेऊन जा."

संत्र्याच्या बागेत त्यांचं घर. ते एकटेच राहत. भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता.

"माहा धाकटा भाऊ, विजय. बावीस वर्सं झाली, न सांगता निघून गेला." मास्तर फोटोकडे न बघताच बोलले. "हार नाही घातला. कधी आला तर?"

टॉवेलात गुंडाळलेली कवटी तिनं स्कूटीच्या डिक्कीत ठेवली. कोरडी ठणठणीत होती. तरी शाळेत येऊन डिक्की उघडली तर आतून शेवाळलेल्या पाण्याचा वास आला.

पाच वाजता तालीम सुरू झाली. सभागृहाच्या खिडक्या लावून घेतल्या, दिवे मालवले, एकच झोत तेवढा ठेवला. दिग्दर्शक अनिल सर पुढच्या खुर्चीत बसले. तेजस्विनीनं कवटी उचलली. ती बर्फासारखी गार होती.

"बंधो, मौन सोड! कोणी केला तुझा घात?"

पडद्यामागून माइकवर उत्तर द्यायचं काम सौरभ सरांचं होतं. त्यांनी 'काकाच्या कट्यारीने' म्हणायचं होतं. पण कोणीच बोलेना. पाणी ठिबकल्यासारखा आवाज मात्र येत राहिला. मग एक पुरुषी आवाज आला, दमलेला, ओला…

"यशवंता… पानी लय थंड हाये रे…"

अनिल सर वैतागून उठले. "सौरभ, संहितेतलं बोल ना!"

तेवढ्यात मागचं दार उघडलं. हातात हेल्मेट घेऊन सौरभ सर उभे होते. "सॉरी सर, रेल्वे फाटकावर अडकलो होतो. सुरू झाली का तालीम?"

यशवंतराव रंगमंचावर गुडघ्यांवर बसले होते आणि पडद्याकडे बघत हात जोडत होते.

"विज्या… हात सुटला रे माहा… नाही, नाही. ढकललं. मीच ढकललं तुले विहिरीत. बागेच्या वाटनीपायी…"

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी बागेतली बुजवलेली विहीर उकरली. तळाशी माणसाचा सांगाडा सापडला. पायापासून डोक्यापर्यंत अख्खा.

डोकंही जागेवर होतं, हे ऐकल्यापासून तेजस्विनीला एकच प्रश्न छळू लागला. मग आपण हातात धरली होती ती कोणाची? ती कवटीही पोलिसांनी तपासायला नेली होती. चार दिवसांनी कळलं की ती एका बाईची आहे. वय असेल पंचविसेक. विजयशी तिचा काही संबंध नाही.

म्हणजे बोलावलं एकीला आणि आला दुसराच. त्या रात्री ती दिवा न मालवता झोपली.

पहाटे फोन वाजला. ठाण्यातून हवालदार बोलत होते. कवडू त्यांचं नाव. कवटी नेताना त्यांनीच तिची सही घेतली होती.

"मॅडम, जरा येता का जी? ते कवटीची पेटी कुलपात हाये… पन आतून बाईचा आवाज येऊन राहिला. तुमचंच नाव घेऊन राहिली."

तेजस्विनी अंथरुणात उठून बसली. "काय… काय म्हणते?"

हवालदारांनी आवाज खाली आणला.

"मले पन विचार, म्हनते."