नाक्यावरची साक्ष

सरहद्दीवरच्या पुलाच्या नाक्यावरून दुभाषी बाईंना बोलावणं आलं ते भर दुपारी. पण धुकं असं दाटलेलं, की पिळलं तर पाणी गळावं. खोलीत दिवे लावावे लागले होते.

नदीपलीकडून एक तरुणी चिंब भिजून आली होती आणि आश्रय मागत होती. नाक्यावरचा साहेब माणूस वाईट नव्हता. माघारी गेल्यास जिवाला धोका कोणापासून, ते तिने स्वतः सांगितल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही, असं त्याने समजावलं. बाईंनी ते तिच्या भाषेत सांगितलं. पण तिची जणू दातखीळ बसली होती.

तेवढ्यात मागून, दाराकडून, एका म्हातारीचा घोगरा आवाज आला, तिच्याच भाषेत. हिच्यासोबत आलेली कोणी असावी, म्हणून बाई मान न वळवता ऐकू लागल्या.

"माझ्याच थोरल्यानं धाकट्याचा जीव घेतला. तो तिकडे फौजदार आहे. हिनं डोळ्यांनी पाहिलंय... हिलाही ठेवणार नाही."

बाई सवयीने वाक्यामागून वाक्य साहेबाला सांगत गेल्या. खोलीत गाळाचा कुबट वास भरत चालला होता.

साहेबाने पेन खाली ठेवलं. "बाई, ती तर गप्प बसलीय. तुम्ही कोणाचं सांगताय?"

बाईंनी वळून पाहिलं. माणूस जवळ आलं की आपोआप सरकणारं काचेचं दार बंद होतं. तिथे कोणीच नव्हतं.

तरुणी मात्र त्या रिकाम्या जागेकडेच बघत होती. "सासूबाई..." ती पुटपुटली. "त्यांचा हात माझ्या हातातून सुटला हो... नदीच्या मधोमध."

मग तिला कंठ फुटला. रडत रडत तिने नवऱ्याच्या खुनाची सगळी हकीकत सांगितली, बाई सांगत गेल्या तशी साहेबाने ती उतरून घेतली. निकाल लागेपर्यंत तिला आता कोणी परत धाडणार नव्हतं. शिपाई तिला आतल्या खोलीत घेऊन गेला.

बाईंनी सुस्कारा सोडला. आणि दाराकडून तोच आवाज आला, आता अगदी अजिजीचा.

"आणि मी...? मला घेतील का आत?"

बाई झटकन दाराकडे वळल्या.

"काय झालं?" साहेबाने विचारलं.

त्या प्रश्नापाठोपाठ काचेचं दार आपोआप सरकून उघडलं. धुकं आत आलं. दार मिटायला निघालं, अर्ध्यावर कशाला तरी अडलं, आणि मागे सरकलं. पुन्हा निघालं... पुन्हा तिथेच अडलं.