बांडगुळाची फळं

अमडापूरच्या घरामागे आंब्याचं एक झाड होतं आणि त्या झाडावर बांडगूळ. आंब्याचाच रस पिऊन ते इतकं माजलं, की यंदा झाडावर आंबे कमी आणि बांडगुळाची तांबूस फळंच जास्त. धम्मशीलाची सासू चांगुणाबाई ती फळं खायची. साल चिमटायची, चिकट गर चोखायची आणि बी हाताला येईल तिथे पुसून टाकायची. खाटेला, माठाला, धुतलेल्या गोधडीला.

धम्मशीला उपकेंद्रात नर्स. दिवसभर राबून घरी यायची, भाकरी थापायची आणि सासू ताट मागे सारायची.

“मले भूक नाही.”

“मंग थापू कोनासाठी? आपल्याघरी ढोरं तरी हायेत का?”

नवरा प्रसेनजित म्हणायचा, “म्हातारं मानूस हाय, खाऊ दे ना.” त्याचं काय जातं? बिया खरवडायला तो थोडाच येत होता!

शेवटी वैतागून तिनं शेजारच्या सहदेवला झाडावर चढवलं. बांडगूळ फांद्यांसकट तोडून अंगणात जाळलं. चांगुणाबाई ओट्यावरून बघत राहिली. रागावली नाही. उलट संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन आली.

“ये, डोक्स्याले तेल लावून देतो.”

लग्नानंतर पहिल्यांदाच. मग ते रोजचंच झालं. म्हातारीचा हात हलका होता. धम्मशीलाचे डोळे आपोआप मिटायचे.

पण भाकरी उरायची ती उरायचीच. आणि गोधडीला पुन्हा बिया. ओल्या.

“आत्याबाई, झाड तं साफ केलं. आता हे कुठून आनता?”

“घरातूनच.”

तिनं चिडून कपाट उपसलं, माळा झाडला. काही सापडलं नाही. त्यातच तिच्या अंगात त्राण उरेना. रक्त तपासलं, गोळ्या घेतल्या, तरी ओट्याच्या पायऱ्यांवर दम लागे. म्हातारी मात्र तुकतुकीत दिसू लागली.

“तू काऊन सुकून राह्यली?” प्रसेनजित म्हणाला. “जा, मायजवळ राहून ये.”

ती एसटीनं धाड गावी, माहेरी आली. दुपारी ओसरीत मायच्या मांडीवर डोकं टेकून तिनं सासूचं सगळं गाऱ्हाणं मांडलं. ताटं, बिया, ते गोड गोड बोलणं. माय तिच्या केसांतून बोटं फिरवत हुंकार देत होती.

मग हुंकार थांबले.

“माय, आयकतेस ना?”

“हाव. बोल तू.”

तोंडात काहीतरी होतं.

धम्मशीलानं मान वळवून वर पाहिलं. मायचे ओठ चिकट, तांबूस झाले होते.

मायनं तिचं डोकं अलगद पुन्हा मांडीवर दाबलं. मानेच्या वर, केसांच्या मुळाशी बोट थांबलं.

“हालू नको, पोरी,” ती मायेनं म्हणाली. “हे एक राहू देतो. कच्चं हाय अजून.”