पाच पट्ट्यांचा फणश्या

"ऐका हो ऐका! येत्या रविवारी सकाळी, स्टेशनामागच्या मैदानात, कुत्र्यांचं प्रदर्शन भरणार हाय होऽऽ!"

मोरूचा ढोल असा काही दणाणला, की कर्जतच्या बाजारपेठेत दुकानांच्या फळ्यांना टेकून घोरणारी सगळी माणसं एकदमच जागी झाली. मे महिन्याची दुपार होती. ऊन इतकं कडक, की रुळावर भाकरी थापली असती तर पलीकडच्या सिग्नलपर्यंत जाऊन येईतो ती फुगली असती!

चिंचेच्या फांदीवर तिघं बसली होती. गोदा, गजा आणि पोपट. गोदा सर्वांत पुढे, कारण ती कायमच पुढे असायची. गजाच्या हातात कैरी होती, कारण त्याचा हात कधी रिकामा नसायचा. आणि पोपट गप्प होता. नाव पोपट असूनही तो दिवसाला मोजकंच बोले, पण बोलला की बाकीच्यांना कान टवकारावे लागत.

"खालापूरचे जनावरांचे डॉक्टर परीक्षा घेणार होऽऽ! पहिल्या कुत्र्याला चांदीचा बिल्ला होऽऽ!"

"बिल्ला!" गजा ओरडला. "आपल्या फणश्यालाच मिळणार! गेल्याच आठवड्यात त्याने घाटातल्या वाघाला पार लोणावळ्यापर्यंत पिटाळलं होतं."

"मांजर होतं ते," पोपट म्हणाला.

"मोठं होतं पण!"

तेवढ्यात मोरूने ढोलावर शेवटची थाप मारली. "आणि ज्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नाय आन् मागं धनी नाय, त्याचा त्याच दिवशी बंदोबस्त होणार होऽऽ! धनी मोठा माणूस पायजे, पोरंटोरं चालणार नायत! हुकूम तात्यासाहेबांचा होऽऽ!"

गजाच्या हातातली कैरी खाली पडली.

बंदोबस्त म्हणजे नेमकं काय, ते मोरू सांगेना. पण त्याच्या मागे लाकडी पिंजऱ्याची हातगाडी उभी होती आणि ती रिकामी होती. तिघांनाही सगळं कळलं.

तात्यासाहेब म्हणजे नव्या श्वानप्रेमी मंडळाचे अध्यक्ष. मुंबईतली नोकरी संपवून कर्जतला राहायला आले होते. त्यांचं श्वानप्रेम खरं होतं, पण ते सगळं एकाच कुत्र्यावर खर्च होई. ड्यूक नावाचा त्यांचा विलायती कुत्रा गादीवर झोपायचा नि बिस्किटं खायचा. गावठी कुत्रं दिसलं की तात्यासाहेब नाकाला रुमाल लावत.

आणि फणश्या तर गावठीतला गावठी! अंगावर असे राठ, उभे केस, की हात फिरवला तर फणस कुरवाळतोय असं वाटावं. एक कान वर, एक खाली. रोज सकाळी मुलांबरोबर नदीवर पोहायचं आणि पुण्याला जाणारी पॅसेंजर यायच्या सुमारास कुठेतरी नाहीसं व्हायचं, असा त्याचा क्रम. जायचा कुठे? कोणाला ठाऊक नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं.

"धनी मोठा माणूस हवा," गोदा म्हणाली. "माझे बाबा तर उंबऱ्याच्या आत मांजरसुद्धा येऊ देत नाहीत."

"माझी आई म्हणते, खाणारं एक तोंड पुरे झालं," गजा म्हणाला. "म्हणजे माझंच."

पोपट रेल्वेत गार्ड असलेल्या मामांकडे सुटीसाठी आला होता. त्याने नुसती मान हलवली. क्वार्टरमध्ये कुत्रा चालत नसे.

एवढ्यात गल्लीच्या टोकाकडून स्वतः फणश्याच आला. शेपूट वर, पोट टम्म, आणि कपाळावर... तिघांनी फांदीवरून धडाधड उड्या मारल्या. फणश्याच्या कपाळावर केशरी गंधाचा टिळा होता!

"अरे, याची पूजा कुणी केली?" गोदाने खाली बसून टिळा पाहिला. "आणि हे बघा, मिशीला काय चिकटलंय?"

गजाने फणश्याच्या तोंडाशी नाक नेलं, डोळे मिटले आणि मोठा श्वास घेतला. खाण्याच्या बाबतीत त्या नाकाचा हात धरणारं नाक साऱ्या तालुक्यात नव्हतं.

"घेवड्याची भाजी. साजूक तुपातली. आणि गोडं वरण-भात! आमच्याकडे रेशनच्या भाताला वास नाही, आणि हा इथे तूप ओरपून आलाय!"

"म्हणजे याचं कुणीतरी आहे!" गोदाने टाळी वाजवली. "याला जीव लावणारं मोठं माणूस कुठेतरी आहे. रविवारच्या आत ते शोधायचं. उद्या फणश्या जाईल तिथे आपण!"

शुक्रवारी सकाळी फणश्या नदीतून निघाला, अंग झाडलं आणि बाजाराच्या वाटेला लागला. तिघं मागे. पहिला मुक्काम सोनुबाईपाशी. सोनुबाई सुकी मासळी विकायची. फणश्या दिसताच तिने टोपलीतला बोंबील त्याच्यापुढे टाकला.

"आलास रं, राजा? खा. कालच्याला का नाय आलास?"

"सोनुबाई, हा तुझा कुत्रा?" गजाने आशेने विचारलं.

"माजा कसा? मी टोपली ठेवून पानी आनाया जाते तवा मांजरांना हाकलतो, म्हनून देते बोंबील. कुत्रा त्यो स्टेसनमास्तरांचा हाय."

फणश्या थेट स्टेशनात शिरला. पॅसेंजर उभीच होती. घाट चढायचा म्हणून मागून ढकलायला जास्तीची इंजिनं जोडली जात होती. फणश्याने जोडणी नीट होते आहे का ते जणू पाहून घेतलं आणि ऐटीत उडी मारून गार्डच्या डब्यात चढला!

"मामा!" पोपट किंचाळला. गार्ड त्याचेच मामा होते.

"काय रे? या, चढा. घाटातल्या ठाकुरवाडीपर्यंत नेतो, उतरत्या गाडीने परत या. घरी सांगितलंय ना?"

"सांगितलंय. पण मामा, हा कुत्रा कुणाचा?"

"हा? स्टेशनमास्तरांचा ना? जवळपास रोज येतो माझ्याबरोबर. मोठ्या साहेबाचा कुत्रा, मी कसा उतरवणार!"

खिडकीबाहेर स्टेशनमास्तर हिरवा बावटा घेऊन उभे होते. गोदाने त्यांनाही विचारून घेतलं.

"माझा? छे! तो गार्डसाहेबांचा आहे. त्यांच्याच डब्यातून तर जातो."

गाडी सुटली. मामा आ वासून कुत्र्याकडे बघत राहिले. कुत्रा आ वासून डोंगराकडे बघत होता.

डब्याच्या कोपऱ्यात वेताची रिकामी करंडी होती. गजा तिच्याजवळून जाताना थबकला. त्याचं नाक हललं.

"मामा, हिच्यात घेवडा होता?"

"हो रे! या दिवसांत कर्जतला कुठला घेवडा? दर बुधवारी पुण्याहून येतो. एकाच घरी जातो, आपल्या तात्यासाहेबांच्या..."

"तात्या...!" गजाचं उरलेलं बोलणं गोदाच्या तळव्यात अडकलं. तिने त्याचं तोंड दाबून धरलं होतं.

"गप्प! एका शब्दानेही बोलायचं नाही. आधी पुढचं बघू."

ठाकुरवाडीला गाडी थांबली तसा फणश्या उतरला आणि रुळाकडेने निघाला, तिघं त्याच्यामागे. वळणावर खांद्यावर पहार घेतलेला एक माणूस उभा होता. काळाकभिन्न, हसरा. हा शुक्रा. वरच्या वाडीत राहायचा आणि रूळ दुरुस्त करणाऱ्या रेल्वेच्या गँगमध्ये काम करायचा. शेजारी त्याची बायको कोंडी बकऱ्या राखत होती.

"आला आमचा गार्ड!" कोंडी म्हणाली. "कालच्याला दांडी मारलीस व्हय रं?"

"गार्ड?" तिघंही एकदम म्हणाली.

"गार्डच्या डब्यातनं येतो म्हनून गार्ड," शुक्रा हसला. "थांबा, याचं काम बघा."

उतरणीचे रूळ उन्हात चमकत होते. कोंडीच्या बकऱ्या कधी रुळावर गेल्या ते कुणाला कळलंच नव्हतं. एकाएकी फणश्याचा खाली पडलेला कानही उभा राहिला. मुलांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. फणश्या सुटला! भुंकत, वळसे घेत, त्याने एकूण एक बकरी रुळावरून डोंगराकडे हाकलली. मागे राहिलेल्या करडाला तर त्याने डोक्याने ढकलून उतरवलं. त्यानंतर कुठे दूरवरून घरघर आली आणि पुण्याहून येणारी गाडी कण्हत, ब्रेक करकरवत खाली आली.

"उतरती गाडी इथं थांबतेच," शुक्रा म्हणाला. "थांबून ब्रेक बघतात, मगच म्होरं. पन वळणापातूर ती थांबलेली नसते ना! तिथंच बकऱ्या बसतात. मला घरघर ऐकू यायच्या आदी याला येते."

"शुक्रादादा," गोदाने विचारलं, "हा तुझा कुत्रा आहे, असं रविवारी सांगशील?"

शुक्राने डोकं खाजवलं. "सांगीन की. पन तो माजा एकल्याचा नाय, पोरी. गुरवारी तो येतच नाय. कुठं जातो, त्यो जाने."

कुठं जातो ते आता मुलांना कळलं होतं.

शनिवारी दुपारी तात्यासाहेब ड्यूकला आंघोळ घालत असताना तिघं मागच्या दाराशी गेली. तात्यासाहेबांच्या पत्नी आनंदीबाई तांदूळ निवडत होत्या. गोदाने सरळच विचारलं. आनंदीबाईंनी सूप खाली ठेवलं.

"हळू बोल गं बाई! ते ऐकतील. माझा दत्ताचा गुरुवार असतो. दत्तमहाराजांच्या पायाशी कुत्री असतात ना? म्हणून नैवेद्य आधी कुत्र्याने खायचा, मग मी. ड्यूक मेला तोंडच लावत नाही, बिस्किटं लागतात त्याला! एका गुरुवारी मी संध्याकाळपर्यंत उपाशी होते. तेव्हा हा आपणहून दारात आला. मी त्याला पाहुणा म्हणते."

"मग उद्या या ना मैदानात!" गोदा म्हणाली. "तो तुमचा आहे असं सांगा. नाहीतर त्याचा बंदोबस्त..."

"अगं, चार माणसांत ह्यांच्यासमोर? गावठी कुत्रं घरात घेतलं म्हणून काय म्हणतील!" आनंदीबाई खाली मान घालून पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

मुलं परत फिरली. जाता जाता पोपट दारात थांबला. एवढ्या वेळात तो एकच वाक्य बोलला. "आजी, पुढच्या गुरुवारी कोण जेवेल?"

रविवार उजाडला. मैदानात मांडव होता, पताका होत्या, आणि कडेला मोरूची पिंजऱ्याची गाडी. पिंजऱ्यात एकच कुत्रा होता. फणश्या! पहाटे नदीवर जातानाच त्याला मोरूने पकडलं होतं.

"मोरूकाका, सोडा त्याला!"

"माजं काय चालतंय, पोरांनो? हुकूम हाय."

गोदा धावत गेली ती थेट खालापूरच्या डॉक्टरांपुढे. "डॉक्टरसाहेब, त्या कुत्र्याचीही परीक्षा घ्या! धनी असेल तर हाक मारल्यावर तो जाईलच ना?"

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "मुद्दा बरोबर आहे. तात्यासाहेब, घेऊ या परीक्षा. आधी तुमचा ड्यूक, मग तो."

"ड्यूक! कम हिअर, ड्यूक!" तात्यासाहेबांनी हाक मारली. ड्यूक टेबलाखालच्या सावलीत पसरला होता. त्याने एक डोळा उघडला आणि मिटला. लोक हसले.

मोरूने पिंजरा उघडला.

"फणश्या!" मुलं ओरडली. फणश्या धावत आला.

"राजा!" बाजूने सोनुबाईची हाक आली. फणश्या तिकडे गेला.

"गार्ड! ये रं!" शुक्रा आणि कोंडी आत्ताच उतरत्या गाडीने आले होते. सोबत मामाही होते. फणश्या त्यांच्याकडे झेपावला.

तात्यासाहेब उभे राहिले. "बघा, बघा! तीन हाका, तीन नावं! जो सगळ्यांकडे जातो तो कुणाचाच नाही. मोरू, घाल त्याला गाडीत!"

मोरू पुढे आला. गजाने फणश्याच्या गळ्याला मिठी मारली. गोदा बायकांच्या बाकांकडे बघत होती. तिथे आनंदीबाई पदर ओठांशी धरून बसल्या होत्या. मोरूचा हात फणश्याच्या मानेवर पडला आणि...

"पाहुण्या!"

हाक बारीक होती, पण फणश्याने गजाच्या मिठीतून अंग काढलं, मोरूच्या पायांमधून निसटला आणि आनंदीबाईंच्या पायाशी जाऊन बसला. पुढचा पाय वर करून!

"आनंदी?" तात्यासाहेब दोन पावलं पुढे आले. "हा... आपल्याकडे येतो?"

"दर गुरुवारी," आनंदीबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू जात होता. "तो जेवल्याशिवाय मी जेवत नाही. आणि त्याने नैवेद्य खाल्ल्याशिवाय तुम्हालाही पान वाढत नाही. आता घाला त्याला गाडीत!"

मग डॉक्टर असे हसले, की मांडवावरचे कावळे उडाले.

"तात्यासाहेब, धनी हवा असं तुमचा नियम म्हणतो. एकच हवा असं कुठे म्हणतो? राहता राहिला पट्टा!"

पट्ट्यांना काय तोटा! गजाने आपल्या खाकी चड्डीचा पट्टा काढला. सोनुबाईने टोपलीची दोरी सोडली. मामांनी जुन्या बावट्याची हिरवी पट्टी फाडली. कोंडीने बकरीच्या गळ्यातला घंटेचा पट्टा आणला होता. आनंदीबाईंनी गाठोडं उलगडून जरीच्या काठाची लाल पट्टी बाहेर काढली. ती त्यांनी रात्रीच शिवून ठेवली होती.

"म्हणजे तुम्ही येणारच होतात!" गोदा ओरडली.

"त्या मुलाने प्रश्नच असा विचारला," आनंदीबाई पोपटकडे बघून म्हणाल्या. पोपट लाजून शुक्राच्या मागे लपला.

डॉक्टर बिल्ला घेऊन उभे राहिले. "कुत्रा शोधणारे पुष्कळ असतात. या मुलांनी कुत्र्याची माणसं शोधली. ज्या गोष्टीची आम्हा मोठ्यांना कधी चौकशी करावीशी वाटली नाही, ती या तिघांनी केली. शाब्बास! आणि बिल्ला फणश्याला! टाळ्या!"

मैदानभर टाळ्या कडाडल्या. गजा तेवढा टाळ्या वाजवू शकला नाही. त्याचे दोन्ही हात चड्डी धरण्यात गुंतले होते.

पण बिल्ला अडकवायला फणश्याच्या गळ्यात जागाच उरली नव्हती! डॉक्टर जागा शोधत असतानाच फणश्याचा खाली पडलेला कान टक्कन उभा राहिला. कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. पाच पट्टे मिरवत, घंटा खणखणवत फणश्या मैदानातून स्टेशनाकडे सुसाट सुटला. जरा वेळाने लांबून मुंबईहून येणाऱ्या पॅसेंजरची शिट्टी आली.

"अरे, माझी गाडी!" म्हणत मामाही त्याच्यामागे धावले.

आणि तात्यासाहेब? ते नाकाचा रुमाल काढून हवेत हलवत होते, आणि घसा फाडून ओरडत होते, "गुरुवारी मात्र वेळेवर ये रे, पाहुण्या! नाहीतर आमच्याकडे सगळेच उपाशी!"