उतरताना मागे कोण

बासिलियाचं खेचर ओढ्याच्या मधोमध उभं राहिलं आणि हलेना. वरून गारा, खाली घोटाभर पाणी, आणि तिचे एकावर एक घातलेले तिन्ही घागरे भिजून दगडासारखे जड झालेले. तेवढ्यात मागून आलेल्या एका उंच माणसाने, न विचारता, खेचराच्या कानात फुंकर मारली. खेचर निघालं... तिला ओढतच निघालं.

"आमच्याकडे आभार मानायची पद्धत आहे," तो म्हणाला.

"आमच्याकडे आधी विचारायची आहे."

पलीकडच्या काठावर कळलं, की दोघं एकाच शिखराच्या मोहिमेवर निघालेत. तो सेवेरो, मुख्य वाटाड्या. तिला स्वयंपाकीण समजून त्याने भांडी कुठे ठेवलीत ते विचारलं. त्याचं फार चुकलं असंही नाही. अकरा वर्षं बासिलिया दुसऱ्यांच्या तळावर बटाटेच उकडत होती. पण गेल्या वर्षी परीक्षा देऊन तिने वाटाड्याचा कागद मिळवला, आणि त्या दिवसापासून डोंगरावरच्या चुलीला हात लावला नाही. तिने सांगितलं, दुसरी वाटाड्या मीच, आणि भांडी तुमच्याच पोत्यात आहेत. लगेच अटही घातली —

"चढताना पुढे तुम्ही. उतरताना मागे मी."

"बघू," तो म्हणाला.

उतरताना मागे राहतो तो दोराचा मालक. खालचे घसरले तर त्यांना त्याने धरायचं. त्याला धरायला वर कोणी नसतं. कागद मिळाल्यावर बासिलिया तीनदा शिखरावर गेली होती, आणि तिन्ही वेळा पुरुषांनी तिला उतरताना गिऱ्हाइकाबरोबर पुढे सोडलं होतं, बोचकं सोडावं तसं. याही वेळी तसंच झालं तर घरी जाऊन कागद फाडायचा, हे ती ठरवून आली होती.

गिऱ्हाईक एकच, कोचाबांबा शहरातले दातांचे डॉक्टर रुतिलियो, ज्यांना सगळे मानाने डॉन रुतिलियो म्हणत. साठीचे, बडबडे, पण पायाने चांगले.

रस्ता संपतो तिथून बर्फापर्यंत तीन दिवसांची चाल. ते तीन दिवस सूप सेवेरोने केलं. म्हणजे सुकवलेले काळे बटाटे जाळले आणि वर पाणी ओतलं. डॉन रुतिलियो म्हणाले, असे बटाटे गावोगाव खाऊ लागले तर त्यांना दुसरा दवाखाना काढावा लागेल. बासिलिया दगडावर बसून कोकाची पानं चघळत बघत राहायची. तिसऱ्या दिवशी मात्र तिला राहवलं नाही.

"मीठ घातलंत?"

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"विचारतो. किती घालू?"

"चिमूटभर. तुमची नव्हे, माझी."

त्याने मिठाची पुरचुंडी पुढे धरली. तिने चिमूट घेतली तेव्हा बोटांना बोटं लागली — जरा जास्तच वेळ. त्यानंतर कितीतरी वेळ तो रिकामा चमचा हवेत ढवळत होता, आणि हे डॉन रुतिलियोंनीसुद्धा पाहिलं.

चौथ्या दिवशी हिमनदी लागली. या डोंगराला आम्ही इकडचे लोक आजोबा म्हणतो. त्यांना कोका वाहिला, दारू शिंपडली, मग बुटांना लोखंडी दाते बांधले आणि तिघांनी एकच दोर कमरेला बांधला: पुढे सेवेरो, मध्ये बासिलिया, मागे डॉक्टर. बर्फावर बोलणं कमी झालं. पण सेवेरोच्या आणि तिच्या मधला दोर कधी ताणला नाही, कधी लोळला नाही, इतकी दोघांची पावलं जुळली. असलं काही बासिलियाच्या वाट्याला आधी आलं नव्हतं. तिला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून ती जरा चिडलीही.

वरच्या तळावर त्याने आपणहून आपल्या मोडलेल्या गुडघ्याची गोष्ट सांगितली. सहा वर्षांपूर्वी उतरताना मागच्याने दोर नीट धरला नाही. हाडात आता लोखंडी खिळा आहे. तेव्हापासून तो मागे कोणालाच राहू देत नाही.

"मलाही नाही?"

"कोणालाच नाही..."

तिला वाईट वाटलं. पण तिने पाठ फिरवली.

पाचव्या दिवशी सकाळी तिघं शिखरावर पोचले. ऊन होतं, वारा होता, खाली ढग चढत होते. डॉन रुतिलियो फोटो काढण्यात रमले. सेवेरोने हातमोजा काढला, पुन्हा घातला.

"बासिलिया... खाली गेल्यावर तुझ्या आईकडे येऊ? काकांना घेऊन, कोका घेऊन."

तुम्हीचं तू झालेलं तिने ऐकलं. कानापर्यंत ऊब चढली. तरी तिने दोराची गाठ तपासली आणि मगच वर पाहिलं.

"उतरताना मागे कोण?"

"मी," तो म्हणाला. "ते वेगळं, हे वेगळं."

"वेगळं नाही. माझ्या हातात दोर द्यायला ज्याला भीती वाटते, त्याच्या हातात मी माझा जन्म देत नसते. नको येऊस."

ढग आणखी वर आले. डॉन रुतिलियो म्हणाले, पाय गारठले, लग्न खाली जाऊन मोडा.

सेवेरोने स्वतःच्या कमरेचा दोर सोडला. क्षणभर तो तसाच हातात धरून राहिला. मग मधल्या फासात तिच्या जागी स्वतःला बांधलं, आणि शेवटचं टोक तिच्यापुढे केलं.

उतार उभा होता. पुढे डॉक्टर, मध्ये सेवेरो, मागे बासिलिया. अर्ध्यावर डॉन रुतिलियोंचा पाय सुटला, त्यांनी सेवेरोलाही ओढलं. बासिलियाने हातातली बर्फाची कुऱ्हाड खोल रोवली, दोर तिला गुंडाळला आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. दोन माणसांचं वजन आलं. मांडीपर्यंत ती रुतली, पण सरकली नाही.

"उभे राहा," ती वरून म्हणाली. "घाई नाही."

दोघं उभे राहिले. सेवेरोने पाऊल टाकलं, मग दुसरं. असा धक्का बसला की कोणीही एकदा मागे बघतो, मागचा आहे ना याची खात्री करतो. त्याने पाहिलं नाही. भेगांवरून गेले, पुलासारख्या कच्च्या बर्फावरून गेले, हिमनदीचं टोक आलं, दगड लागले... एकदाही त्याने मान वळवली नाही.

बासिलियाने दोर गोळा केला.

"सेवेरो," ती म्हणाली, "आता बघ मागे."