होरिउचींच्या कागदावरचे तीन शिक्के

"शिक्का माझाच आहे," डॉ. कुसाकाबे म्हणाले, "पण मारला मी नाही."

कागद टेबलावर पडला होता. चार ओळींचा हुकूम. खोली तीनमधले होरिउची गेन्झो, वय एकोणऐंशी, यांचा व्हेंटिलेटर काढून खोली चारमधल्या रुग्णाला लावावा. खाली तीन चौकटी, सहीच्या जागी प्रत्येकाचा लाल शिक्का. डावीकडे विभागप्रमुख कुसाकाबे, मध्ये तरुण डॉक्टर हायासे, उजवीकडे हेड सिस्टर ओगुनी.

होरिउची त्याच दुपारी गेले. खोली चारमधली शिक्षिका वाचली. या गोष्टीला आता तीन आठवडे झाले होते.

निशिगाकी तोमोए या रुग्णालयात सतरा वर्षं मेट्रन होती. निवृत्त झाल्यावर तिला नीतिसमितीवर बसवलं, म्हणजे वर्षातून दोनदा चहा प्यायला. मग साथ आली आणि त्या समितीला एकदम खरं काम लागलं. एकाचं यंत्र दुसऱ्याला लावायचं तर आधी समितीला फोन करायचा, हा नियम तोमोएनेच लिहिला होता. ही चौकशीही तिच्याकडेच आली होती, आणि समितीचा फोनही तिच्याकडेच असे. आताही तो कोटाच्या खिशात होता आणि तिचा हात सारखा तिकडे जात होता.

"त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"प्रांताच्या बैठकीत. सकाळी गेलो तो संध्याकाळी परतलो."

"आणि शिक्का?"

"ड्रॉवरमध्ये."

"कुलूप?"

कुसाकाबे खिडकीबाहेर बघू लागले. खाली बंदरात माकूळ पकडणाऱ्या होड्या बर्फाखाली बांधून पडल्या होत्या.

"नव्हतं. काम अडू नये म्हणून."

"काम अडू नये म्हणून, की आपल्याला ठरवावं लागू नये म्हणून?"

"मेट्रनबाई, हे त्या हायासेचं काम आहे. त्याचा शिक्कासुद्धा उर्मट, बघा. साहेबांच्या चौकटीकडे जरा झुकवून मारावा, एवढी रीत कळू नये? सगळे वाकवतात. याची मान मोडते! निलंबनाचं पत्र तयार आहे, पाचला जाईल."

पाचलाच होरिउचींची मुलगी चिएको येणार होती. तिने लिहिलेल्या पत्रात एकच प्रश्न होता: माझ्या वडिलांचं कोणी ठरवलं?

हायासे वॉर्डच्या जिन्यात उभा होता. बत्तीस वर्षांचा, पण मास्कच्या वळांनी चेहरा म्हाताऱ्यासारखा झालेला.

"कागद तुझ्याकडे आला तेव्हा त्यावर काय होतं?"

"साहेबांचा शिक्का होता. सिस्टरचाही."

"साहेबांचा आधी? तो तर शेवटी पडतो."

"हो."

"मग विचारलं नाहीस?"

"नाही. उलटं आहे हे कळलं होतं मला. विचारलं असतं तर मला ठरवावं लागलं असतं. कोणीतरी आधीच ठरवलंय म्हटल्यावर सुटल्यासारखं वाटलं. यंत्र मीच काढलं, मेट्रनबाई. त्याचं काय करायचं ते करा."

तोमोएला त्याची दया आली, आणि दया करायचा आपल्याला काय अधिकार, असंही वाटलं.

तिने वॉर्डची नोंदवही मागवली. त्या दिवसाच्या पानावर ओगुनीचं नेटकं अक्षर होतं. दोन वाजता खोली चारचा प्राणवायू घसरला. त्याखालच्या ओळीवर तोमोएचं बोट अडखळलं. तिने पान उलटलं.

मग तिने कुसाकाबेंची जुनी कागदपत्रं काढायला लावली. वर्षभराचे हुकूम, रजेचे अर्ज, औषधांच्या मागण्या. प्रत्येकावर त्यांचा शिक्का खांबासारखा ताठ होता. पाच वाजेपर्यंत ती एकेक कागद बघत बसली. उत्तर पहिल्या दहा कागदांतच मिळालं होतं. उरलेले तिने कशासाठी पाहिले, ते तिचं तिला माहीत.

पाचला कुसाकाबे, हायासे, ओगुनी आणि तोमोए बैठकीच्या खोलीत जमली. चिएको सगळ्यांपासून लांब, दाराजवळ बसली. होरिउची आजारी पडल्यापासून तिला वडिलांचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं, हाती आली ती रक्षाच.

"हा शिक्का बघा," तोमोए म्हणाली. "कुसाकाबेसाहेबांचा. डावीकडे झुकलाय."

"मग?" कुसाकाबे म्हणाले.

"सगळ्यात डावी चौकट तुमची. तिच्या पलीकडे नुसता कोरा कागद. तुम्ही कोणाला वाकून नमस्कार केलात?"

कुसाकाबेंनी कागद ओढून घेतला.

"तुम्ही वर्षभरात एकदाही शिक्का वाकवलेला नाही. हायासेला वाकवायची सवयच नाही, त्यावरून तुम्ही त्याला बोलणी ऐकवता. हा शिक्का अशा हाताने मारलाय, जो आयुष्यभर वरच्याकडे झुकत आला. वरची चौकट हाती आली तरी त्या हाताला ताठ राहता आलं नाही." तिने ओगुनीकडे पाहिलं. "त्या हाताला ते वळण मीच लावलं. पहिल्याच आठवड्यात. ओगुनी, तेव्हा तू बावीस वर्षांची होतीस."

ओगुनीने मान वर केली नाही.

"मीच मारला," ती म्हणाली. "खोली चार निळी पडत होती. होरिउचींच्या फुप्फुसांत चार दिवस काही फरक नव्हता. कोणीतरी हो म्हणायला हवं होतं." मग ती चिएकोकडे वळली. "नळी घालायच्या आधी ते मला म्हणाले होते, बरा झालो की उठव गं मला. मी म्हटलं, उठवीन. ताई, मी त्यांना उठवलं नाही."

चिएको खुर्ची ओढून टेबलाशी आली.

"ते तसेही वाचले नसते ना?" तिने विचारलं.

सगळ्यांनी हायासेकडे पाहिलं. त्याला हो म्हणणं सोपं होतं.

"बहुतेक नसते," तो म्हणाला. "पण नक्की नाही सांगता येत."

"म्हणजे या सिस्टरनी एकटीनेच ठरवलं."

"एकटीवर सोडलं गेलं," तोमोए म्हणाली. तिने नोंदवही उघडून चिएकोपुढे ठेवली आणि ज्या ओळीवर मघाशी बोट अडखळलं होतं ती दाखवली. दोन दहा, दोन सतरा, दोन पंचवीस: समितीला फोन, उत्तर नाही.

ओगुनी चटकन म्हणाली, "मेट्रनबाई, ते कशाला आता? तुम्ही कामात असाल."

"मी घरी होते. फोन समोर वाजत होता. वॉर्डचा नंबर दिसत होता, काय विचारणार तेही कळत होतं. मी हात मांडीखाली दाबून बसले. वाटलं, चौथ्यांदा वाजला तर उचलू." तोमोएने खिशातला फोन काढून टेबलावर ठेवला. "चौथ्यांदा वाजलाच नाही. तुम्ही विचारलंत ना, कोणी ठरवलं? खोटा शिक्का हिने मारला. पण ठरवायचं माझं होतं, आणि मी ते हिच्या गळ्यात घातलं."

कुसाकाबेंनी निलंबनाचं पत्र गुपचूप घडी करून खिशात टाकलं. त्यांच्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं.

चौकशीचा अहवाल तोमोएने तिथेच लिहिला, फोनसकट. खाली दोन चौकटी होत्या. डावी समितीची, उजवी कुटुंबाची. डाव्या चौकटीत तिने आजवर प्रत्येक शिक्का ताठ मारला होता. तिने शिक्का शाईत बुडवला आणि उजवीकडे, चिएकोच्या रिकाम्या चौकटीकडे, पुरता वाकवून दाबला.

चिएकोने तो पाहिला. पर्समधून आपला शिक्का काढला, हातात धरला आणि परत ठेवून दिला.

"आज नाही," ती म्हणाली. "ही चौकट अशीच राहू दे." दारापाशी जाऊन ती ओगुनीसमोर थांबली. "बाबा नेमकं काय म्हणाले होते, ते मला पुन्हा एकदा सांगा."