पोस्टरवाला राजाराम

सत्तावनच्या निवडणुकीआधीची सकाळ. डिलाईल रोडला आमच्या चाळीच्या भिंतीवर एकजण संयुक्त महाराष्ट्र समितीचं पोस्टर लावत होता आणि ते पुन्हा पुन्हा सुटून त्याच्याच डोक्यावर पडत होतं. जिन्यात उभी राहून मी हसले.

"हसतेस काय? खळ धरत नाही!"

"ही खळ आहे की पेज? थांबा, मी करून देते."

मैद्यात चिमूटभर मोरचूद घालून मी खळ शिजवून दिली. तो राजाराम. संपात गिरणीने काढून टाकलेला, युनियनचा कार्यकर्ता. आदल्या वर्षीच्या गोळीबारात शेजारचा माणूस पडला, तरी हा जागचा हलला नव्हता. या राजारामचं नाव कुठल्या पुस्तकात नाही.

मग रोज सकाळी यायचा.

"बकुळा, कालची खळ फार घट्ट गं."

"पोस्टरं चिकटली ना?"

"पोस्टरं होय... मीसुद्धा." आणि कानापर्यंत लाल झाला.

आमची सगळी चाळ नुकतीच बौद्ध झाली होती. गिरणीच्या दारातल्या गेट मीटिंगमध्ये 'जात गाडा' म्हणताना तो गर्दीत मला शोधायचा. माझ्या बाबांना, रामजींना, तो लेकासारखा. दोन वर्षं अशी गेली. शेवटी मीच विचारलं, "बाबांशी कधी बोलणार?"

"आई येतेय मालवणहून. तिला सांगेन... तू आमच्यातलीच, पोरकी आहेस म्हणून. बाबांनी तेवढं लग्नाला येऊ नये."

"आणि नंतर?"

"कळेल हळूहळू. आधी राज्य तर येऊ दे!"

"बंदुकीपुढे उभा राहिलास ना रे तू?"

"ते पोलीस होते, बकुळा. ही आई आहे."

माझा जीव होता त्याच्यावर. तरी म्हणाले, "बाप जिवंत असताना मी पोरकी होणार नाही."

त्यानंतर तो आमच्या भिंतीकडे फिरकला नाही.

साठच्या एक मेला नाक्यावर गुलाल उधळत होता. राजाराम पेढे वाटत आला. सोबत त्याची नवी बायको, शेवंती. हसतमुख पोर. प्रत्येकाच्या हातात पेढा ठेवत येत होती. आमच्या चाळीच्या बायकांपाशी आली आणि तिचा हात आपोआप वर गेला. माझ्या ओंजळीत पेढा वरून पडला.

राजारामने पाहिलं. माझ्याकडे... मग तिच्या हाताकडे. मान फिरवून त्याने जोरात घोषणा दिली, "महाराष्ट्राचा—"

"विजय असो!" सगळे ओरडले. मीही ओरडले.

पेढा खाल्ला मी. राज्य माझंही होतं.