कच्चं खाणारा माणूस

पेशंट आत आला, खुर्चीवर बसला आणि काही बोलेचना.

"काय होतंय?" इशितानं विचारलं.

त्यानं गळ्याकडे बोट दाखवलं. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. शेवटी खिशातून मोबाइल काढून त्यावर काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीन तिच्यासमोर धरली. 'शेवळं खाल्ली. कच्ची.'

आता रोह्या-पेणच्या माणसाला शेवळं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला डोंगरात उगवणारी ही कोंबांची भाजी कातकरणी जुड्या बांधून बाजारात आणतात आणि सोबत मूठभर काकडं देतात. काकडं म्हणजे छोटी, हिरवी, आंबट फळं. शेवळं घशाला खाजतात, म्हणून ती काकडांच्या रसात नीट शिजवायची, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आणि हा चांगला तीस वर्षांचा, केसपेपरवर 'अद्वय चिटणीस, केमिकल इंजिनिअर' असं लिहिलेला बाप्या!

"तुम्ही इथलेच ना?"

त्यानं मान हलवली.

"आणि तरी?"

'काकडांचा रस घातला होता,' त्यानं टाइप केलं. 'खाज रसानं जाते, शिजवल्यानं नाही, अशी माझी थिअरी होती.'

"मग काय झालं थिअरीचं?"

'घशात अडकली.'

इशिताला हसू आवरेना. डॉक्टरनं पेशंटला हसू नये हे तिला कॉलेजात शिकवलं होतं, पण असा पेशंट येईल हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं घसा तपासला. सूज फारशी नव्हती. सीताबाईनं आमसुलं भिजवून आणली आणि वर चमचाभर तूप चाटवलं. सीताबाई म्हणजे दवाखान्यातली मदतनीस; औषधापेक्षा तिच्या जिभेचा धाक जास्त.

"चिटणिसांच्या घरचा ना रं तू?" ती म्हणाली. "तुज्या आयशीसारखी शेवळं रोह्यात कोन करीत नाय. तिला तरी इचारायचंस!"

त्यानं मोबाइल खिशात ठेवून खिडकीबाहेर नजर वळवली. हे घशाचं दुखणं नव्हे, एवढं इशिताच्या लक्षात आलं.

इशिता गुप्ते मूळची पेणची. तिचा आयुर्वेदाचा दवाखाना पेणला होता आणि मंगळवार-शुक्रवार ती रोह्याजवळ वरश्याला बसायची. शुक्रवारी तो पुन्हा आला, या वेळी आवाज घेऊन. आवाज बरा होता... जरा जास्तच बरा होता.

"तीन वर्षं शिजवलेलं काही खात नाही मी," त्यानं सांगितलं. "फळं, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं, स्मूदी."

"पालेभाज्या कच्च्या? पावसाळ्यात?"

"धुऊन घेतो."

"केवढे उपकार! आणि स्मूदी कसली?"

"केळं आणि दूध."

इशितानं पेन खाली ठेवलं. नाडी मंद, जिभेवर पांढरा थर, पोटात गॅस, हात गार, वजन नऊ किलो उतरलेलं. "हे बघा, कच्चं खाणं वाईट नाही. पण या दिवसांत जठराग्नी मुळात मंद असतो, ओल्या सरपणासारखा नुसता धुमसतो. त्यावर तुम्ही सकाळी उठून गार काकडी ओतताय."

"म्हणजे आता वरणभात लिहून देणार तुम्ही."

"नाही. भांडण नको, तह करू."

तह असा ठरला. कच्चं खायचं ते फक्त भर दुपारी, भूक कडकडून लागल्यावर. काकडी-गाजराला आल्याचा कीस, जिरेपूड, सैंधव आणि लिंबू लावूनच. फळ एकटं खायचं, दुधाशी त्याची गाठ घालायची नाही. मोडाची कडधान्यं वाफवून घ्यायची. कच्च्या पालेभाज्यांना दिवाळीपर्यंत रजा.

"वाफवणं म्हणजे शिजवणंच," तो म्हणाला.

"वाफ म्हणजे गरम हवा. हवेला कसली हरकत?"

"दिवाळीनंतर?"

"थंडीत अग्नी जोरात असतो. तेव्हा खा काय खायचं ते. दगडसुद्धा पचतील."

"तोपर्यंत यावं लागेल तर मला... दर शुक्रवारी?"

"मंगळवारीही आलात तर चालेल," इशिता म्हणाली, आणि आपण हे काय बोललो म्हणून घाईघाईनं पुढच्या पेशंटला हाक मारली.

तो दोन्ही वारी येऊ लागला. नंबर नेहमी शेवटचा. कारखान्यातली पहिली शिफ्ट संपवून, केस भिजलेले, हातात कधी जांभळं, कधी तवसं, म्हणजे पावसाळ्यातली ती मोठी काकडी. सीताबाई त्याला बघितलं की उगाच टेबल पुसायला घ्यायची. "पोट बरं झालं त्याचं कवाच," ती एकदा म्हणाली. "आता दुखनं दुसरंच हाय गो बाय."

श्रावणात इशितानं पेणहून पातळ पोहे आणले आणि दडपे पोहे करून डबा त्याच्यापुढे ठेवला. नारळ, काकडी, मिरची, कोथिंबीर, लिंबू.

"फोडणी नाही?" त्यानं संशयानं विचारलं.

"नाही. चूल पेटवलेलीच नाही."

"पण पोहे करताना भात भिजवून भट्टीत भाजतात."

"ते पेणच्या भट्टीवाल्याचं पाप. तुमच्या माथी नाही लागत."

त्यानं एक घास घेतला. मग दुसरा. मग डबा आपल्याकडे ओढला. त्याला खाताना बघून इशिताला जो आनंद झाला, तो वैद्यकीय नव्हता. तिनं तो स्वतःशी निमूटपणे कबूल केला.

"हे सुरू कशावरून केलंत?" तिनं विचारलं.

"बाबा हार्ट अटॅकनं गेले. रात्री पानावरून उठले आणि... सुरमई होती त्या दिवशी. तेव्हापासून घरातलं शिजवलेलं नको वाटतं."

एवढंच. मग त्यानं रिकामा डबा धुवायला नेला.

पुढच्या मंगळवारी एक बाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, नीटनेटक्या, पण पार वाळलेल्या. भूक नाही, झोप नाही. केसपेपरवर नाव होतं रोहिणी चिटणीस.

"जेवता काय?"

"काही नाही हो. चहा, एखादी पोळी. एकटीसाठी काय रांधायचं?" त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या. "मुलगा आहे, पण तो माझ्या हातचं काही खात नाही. वडील गेल्यापासून." मग एकदम मान वर करून त्यांनी विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा. माझ्या जेवणानं गेले का हो ते?"

इशितानं त्यांचा हात धरला. "नाही, काकू. असा आजार एका दिवसाच्या पानातून येत नाही. तुमचा काही दोष नाही."

"तुम्ही म्हणताय. तो कधी म्हणाला असता तर..." त्यांनी डोळे पुसले. "मी आले होते हे त्याला सांगू नका हं."

इशितानं शब्द दिला. पेशंटचं गुपित ते गुपित. पण त्या दिवशी एस.टी.नं पेणला जाताना नागोठणं कधी मागे पडलं ते तिला कळलं नाही. तिला अद्वय आवडत होता, आणि तिला त्याचा रागही आला होता.

आणि नेमकं शुक्रवारी, स्टँडकडे जाताना कुंडलिका नदीच्या काठी, अद्वयनं आपली छत्री तिच्यावर धरली आणि म्हणाला, "डॉक्टर, मला तुम्ही आवडता. म्हणजे... लग्न करावं इतक्या."

इशिताच्या ओठांवर 'हो' आलं होतं. अगदी टोकावर. ते तिनं गिळलं.

"मलाही तुम्ही आवडता," ती म्हणाली. "पण तहातलं एक कलम राहिलंय. रोज एक वेळ गरम पेज. घरची."

"तुमच्या हातची?" तो हसला.

"नाही. आईच्या हातची."

त्याचं हसू मावळलं. "आईचा इथं काय संबंध?"

ती सांगू शकत नव्हती. "ज्याला आपल्या आईसमोर जेवायला बसता येत नाही," ती म्हणाली, "त्याच्या घरात मी रोज कुठल्या तोंडानं जेवू?"

तो छत्री तिच्या हातात देऊन भिजत निघून गेला. मंगळवारी आला नाही. शुक्रवारीही नाही. गणपती आले, गेले. इशिता शेवटचा पेशंट संपल्यावरही दहा मिनिटं बसून राहायची. आपण शहाणपणा केला की हातचं घालवलं, हे तिला ठरवता येईना. सीताबाईसुद्धा गप्प होती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

तिसऱ्या आठवड्यात रोहिणीताई आल्या. वजन दोन किलो वाढलेलं.

"पंधरा दिवस झाले, एका दुपारी येऊन टेबलाशी बसला," त्या म्हणाल्या. "म्हणाला, पेज आहे का गं? माझी अशी धांदल उडाली, की मी मीठच घालायला विसरले. त्यानं तशीच संपवली. मी म्हटलं, अरे, अळणी झाली. तर म्हणाला, आई, तुझ्या हाताला मी कधी नावं ठेवली नाहीत. मला बाबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसवत नव्हतं. कच्चं काय, उभ्या उभ्या खाता येतं."

इशिताचे डोळे भरून आले. तीन वर्षं ती बिचारी स्वतःला दोष देत होती, आणि हा बिचारा ओट्याशी उभा राहून काकड्या खात होता! एकाच घरात, मधे एक भिंत.

"तेव्हापासून रोज दोघं बसून जेवतो. काल मीच सांगितलं त्याला, तुमच्याकडे येत होते म्हणून. बाहेर उभा आहे. आत यायला घाबरतोय."

त्या बाहेर गेल्या आणि तो आत आला. दाढी वाढलेली, चेहरा मात्र भरलेला.

"तुम्हाला सगळं माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"आणि एक शब्द बोलला नाहीत."

"पेशंटचं मी कुणाला सांगत नाही. आईंनाही तुमचं काही सांगितलं नाही."

तो खुर्चीत बसला, पुन्हा उठला. "आईनं विचारलंय, रविवारी जेवायला याल का? बाबांची खुर्ची आता आम्हाला रिकामी ठेवायची नाही. तिच्यावर कुणीतरी बसावं असं दोघांनाही वाटतं."

"हे आईंचं झालं. आणि तुमचं?"

"माझं तेच आहे. नदीकाठचं."

"दोन्हीला हो," इशिता म्हणाली. बाहेर सात पेशंट ताटकळले होते, आणि पडद्याआडून सीताबाई त्यांना सांगत होती, "बसा जरा. डॉक्टरीणबाय बिझी हाय."